अपडेट मारू का?

वेबसाइट चालवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की डॅशबोर्डच्या माथ्यावर एक पट्टी उगवते. ज्याच्याकडे सगळे अधिकार आहेत त्याला ती म्हणते: नवी आवृत्ती आली आहे, कृपया आत्ता अपडेट करा. ज्याच्याकडे ते नाहीत, म्हणजे जो बिचारा नुसत्या बातम्या आणि फोटो चढवतो, त्याला तीच पट्टी सांगते: नवी आवृत्ती आली आहे, कृपया व्यवस्थापकांना कळवा. हे दुसरं वाक्य लिहिणारा गृहस्थ कधी काळी आपल्याकडच्या एखाद्या कार्यकारिणीवर असावा, अशी मला दाट शंका आहे. कारण पुढे अगदी तसंच होतं. फोटो चढवणारा चिटणिसांना कळवतो, चिटणीस अध्यक्षांच्या कानावर घालतात, अध्यक्ष म्हणतात, "त्या पोराला फोन लावा." ते पोर म्हणजे दहाएक वर्षांपूर्वी संस्थेची साइट फुकटात बनवून देणारा कुणाचा तरी भाचा. तो एव्हाना न्यू जर्सीत घराचे हप्ते भरत असतो आणि तिथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

"अरे, अपडेट मारू का?" एवढाच प्रश्न असतो. पण तो विचारायची वेळ आपल्या लोकांना बरोबर साधते.

जगातल्या दर शंभर वेबसाइटींपैकी चाळीसहून अधिक साइटी आज वर्डप्रेसवर चालतात. व्हाइट हाउसची साइट त्यावर आहे आणि तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचीही. फरक इतकाच, की व्हाइट हाउसकडे अपडेट मारायला पगारी माणसं आहेत. वर्डप्रेस फुकट आहे, आणि फुकट या गुणापुढे आपल्याकडे बाकीची वैशिष्ट्यं विचारायची पद्धत नाही. २७ मे २००३ रोजी मॅट मलनवेग या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन मुलानं आणि माइक लिटल या ब्रिटिश प्रोग्रॅमरनं ते सुरू केलं, तेही बी-टू नावाच्या एका सॉफ्टवेअरची देखभाल थांबली म्हणून. म्हणजे वर्डप्रेसचा जन्मच मुळी अपडेट न आल्यामुळे झाला. त्याची भरपाई ते गेली वीस-बावीस वर्षं करतंय.

त्यांच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला जॅझ कलाकाराचं नाव असतं. १.० ला माइल्स डेव्हिसचं, ३.० ला थेलोनियस मंकचं, ५.६ ला नीना सिमोनचं. कल्पना छानच आहे. जॅझमध्ये पुढचा सूर आयत्या वेळी सुचतो, आणि मध्यरात्री साइट बंद पडल्यावर डेव्हलपर जे काही करतो तेही त्याच जातीचं असतं. हे सॉफ्टवेअर पुण्यात जन्मलं नाही हे मात्र बरं झालं. आवृत्त्यांना गवयांची नावं द्यायची ठरली असती तर १.० लाच किराणा की ग्वाल्हेर यावरून दोन तट पडले असते, जयपूरवाल्यांनी निषेध म्हणून स्वतंत्र सॉफ्टवेअर काढलं असतं, आणि "आमच्या बुवांचं नाव दशांशचिन्हाच्या नंतर का?" म्हणून कुणी तरी टिळक स्मारकाच्या पायरीवर उपोषणाला बसलं असतं.

नव्या आवृत्तीच्या घोषणेत काय असतं? अधिक वेग, अधिक सुलभता, अधिक सुरक्षा. दर वेळी अधिक. इतकी वर्षं सगळं अधिकच होत गेलंय, तर सुरुवातीला ते किती कमी असेल या विचारानं अंगावर काटा येतो. घोषणा लिहिणाऱ्याला काय नवं आलं ते सांगायचं असतं. वाचणाऱ्याला एकच कळून घ्यायचं असतं: माझं जे होतं ते आहे तिथे आहे ना? या दोघांची गाठ आजवर पडलेली नाही. सगळ्यात जवळ आले ते ६ डिसेंबर २०१८ रोजी, आणि त्या दिवशी टक्कर झाली.

त्या दिवशी ५.० ही आवृत्ती आली. नाव बेबो, क्यूबाचे पियानोवादक बेबो वाल्देस यांच्यावरून. तारीख आधी १९ नोव्हेंबर होती, मग २७ झाली, मग डिसेंबर. त्यापूर्वी वर्डप्रेसमध्ये लिहायची जागा म्हणजे एक ऐसपैस पांढरा चौकोन. वर बटणांची एक ओळ: ठळक, तिरपं, लिंक, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. कडेला निळं पब्लिश बटण. चिटणीस वर्डमध्ये टाइप केलेला वार्षिक सभेचा वृत्तांत आणून त्या चौकोनात ओतायचे, निळं बटण दाबायचे आणि चहा मागवायचे. ५.० नं तो चौकोनच काढून नेला. त्या जागी आलेल्या नव्या संपादकाचं नाव गुटेनबर्ग.

गुटेनबर्गमध्ये प्रत्येक परिच्छेद हा एक स्वतंत्र ब्लॉक. मथळा हा ब्लॉक, फोटो हा ब्लॉक, यादी हा ब्लॉक. दोन परिच्छेदांमध्ये जास्तीची मोकळी जागा हवी तर तिचाही ब्लॉक. कुठेही क्लिक करा, त्या ब्लॉकच्या डोक्यावर बटणांची छोटी पट्टी तरंगू लागते आणि नेमकी वरची ओळ झाकते. पट्टीत सहा ठिपके असतात. ते धरून ब्लॉक ओढता येतो. शेजारी वर-खाली जायचे दोन बाण. हे सगळं प्रात्यक्षिकात फार देखणं दिसतं. प्रात्यक्षिक देणाऱ्याचा हात मात्र माउसवर स्थिर असतो, वय पंचविशीचं असतं आणि त्याच्या मजकुरात दिवंगत सभासदांची यादी नसते.

आता चिटणिसांचा वृत्तांत घ्या. वर्डमधून आणून ओतला की त्याचे आपोआप साठ-सत्तर ब्लॉक होतात. 'गेल्या वर्षात दिवंगत झालेल्या पुढील सभासदांना सभेने श्रद्धांजली वाहिली' हा एक ब्लॉक. त्याखाली नावांची यादी, दुसरा ब्लॉक. मग जमाखर्च, ऑडिटरची नेमणूक, आणि शेवटी 'नवनिर्वाचित कार्यकारिणी' व तिची यादी. चिटणिसांना काही ओढायचं नसतं. त्यांना फक्त शुद्धलेखन तपासायला खाली सरकायचं असतं. पण बोट बाणावर पडतं, एक यादी निमूटपणे वर चढत जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या साइटवर नवनिर्वाचित कार्यकारिणीला सभेने श्रद्धांजली वाहिलेली असते. पहिला फोन खजिनदारांच्या घरच्यांचा येतो.

माझं मत विचाराल तर गुटेनबर्ग वाईट नाही. एक्सेलमधला तक्ता उचलून टाकला की तो खरोखर तक्त्यासारखाच बसतो, याची किंमत जमाखर्चाचे आकडे स्पेसबार मारमारून एका रेषेत आणणाऱ्यालाच कळेल.  नावही चपखल आहे. पंधराव्या शतकात योहान्स गुटेनबर्गनं सुट्या खिळ्यांनी छपाई केली. इथे सुटे ब्लॉक. आपल्या छापखान्यांत खिळे जुळवलेले जुने कंपोझिटर आज भेटले असते तर त्यांना हे पहिल्या दिवशीच जमलं असतं. अडचण त्यांच्यानंतरच्या पिढीची झाली. तिला वर्डमध्ये एका दमात लिहायची सवय लागली होती, आणि आपला मजकूर तुकड्यातुकड्यांचा आहे हे तिला कुणी इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं.

तर लोक संतापले. एका गटानं रागारागानं वर्डप्रेसचीच प्रत काढून क्लासिकप्रेस नावाचा वेगळा संसार थाटला. गुटेनबर्गच्या प्लगइनला, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या पुरवणीला, अभिप्रायाचे तारे पाचांपैकी जेमतेम दोनांच्या आसपास मिळाले. पण त्याच वेळी वर्डप्रेसनं आणखी एक प्लगइन दिलं होतं, क्लासिक एडिटर. त्याचं काम एकच: काही नवं होऊ न देणं. ते टाकलं की जुना पांढरा चौकोन परत. याला तारे मिळाले जवळजवळ पाच. पन्नास लाखांहून अधिक साइटींवर ते बसलं. २०२१ च्या अखेरपर्यंतच सांभाळू, असं आधी जाहीर केलं होतं. मग मुदत वाढली, मग आणखी वाढली, आणि ते आजही व्यवस्थित चालू आहे. एवढी मोठी आवृत्ती काढावी, तिच्यावर वर्षानुवर्षं राबावं, आणि लोकांनी सर्वात जास्त डोक्यावर घ्यावं ते ती आवृत्ती आल्याचं जाणवू न देणाऱ्या सोयीला. मला यात अपमान दिसत नाही. लोकांना नव्याशी वैर नसतं. आपल्या रोजच्या कामाची जागा कुणी न विचारता हलवली, याचा राग असतो.

त्यापेक्षा गमतीदार प्रकार ऑगस्ट २०२० मध्ये झाला, ५.५ आली तेव्हा. वर्डप्रेसबरोबर जेक्वेरी मायग्रेट नावाची एक छोटीशी फाइल यायची. जुन्या घरातल्या आत्याबाईंसारखी तिची जागा होती. म्हाताऱ्या प्लगइननी जुन्या भाषेत काही मागितलं की नव्या सुनेला त्याचा अर्थ समजावून सांगायचा, एवढंच तिचं काम. बोलायची कमी, दिसायची नाही, म्हणून तिची गरज कुणाला कळली नव्हती. ५.५ मध्ये तिला रजा दिली. दुसऱ्या दिवसापासून जगभरच्या साइटींवर मेनू उघडेनात, बटणं चालेनात आणि स्लाइडर फिरेनात. वर्डप्रेसच्या मंडळींना धावत जाऊन तिला परत आणणारं खास प्लगइन काढावं लागलं, आणि डिसेंबरमधल्या ५.६ मध्ये तिची नवी आवृत्ती सन्मानानं पुन्हा घरात आली.

स्लाइडर फिरेनासा झाला म्हणजे काय झालं, हे बाहेरच्याला कळणार नाही. मराठी संस्थेच्या साइटचा प्राण स्लाइडरमध्ये असतो. मुख्य पानावर मोठे फोटो एकामागून एक सरकतात: अध्यक्ष दीपप्रज्वलन करताना, कार्याध्यक्ष दीपप्रज्वलन करताना, माजी अध्यक्ष दीपप्रज्वलन होताना पाहताना. स्लाइडरची खरी थोरवी अशी, की त्यात कुणीच पहिला नसतो. फोटो गोल फिरतात. साइट उघडल्यावर जो दिसेल तो. या एका सोयीमुळे कित्येक संस्था फुटायच्या वाचल्या आहेत. स्क्रिप्ट बंद पडली की सगळे फोटो फिरायचे थांबतात आणि एकाखाली एक उभे राहतात. म्हणजे उतरंड लागते. सर्वात वर कोण, हे मग साऱ्या जगाला दिसतं. बऱ्याचदा वर असतो तो फोटो सर्वात आधी चढवलेला, म्हणजे दोन कार्यकारिण्यांपूर्वीचे अध्यक्ष. आता यात जेक्वेरीचा दोष आहे हे विद्यमान अध्यक्षांना कोण समजावणार? त्यांच्या दृष्टीनं हे सरळसरळ माजी गटाचं काम असतं. पुढच्या सभेत प्रश्न येतो: "हे अपडेट कुणाच्या सांगण्यावरून झालं?" इतिवृत्तात नोंद होते. भाच्याच्या आईलाही विचारणा होते.

पूर्वी साइट कोसळली की नुसतं पांढरं पान दिसायचं. अक्षर नाही, रेघ नाही. मे २०१९ च्या ५.२ पासून त्यात सुधारणा झाली. आता साइटवर गंभीर बिघाड झाल्याचं शब्दांत सांगतात, आणि कोणत्या प्लगइननं घात केला हे कळवणारी, आत शिरायची खास लिंक असलेली मेल व्यवस्थापकाच्या पत्त्यावर जाते. सोय उत्तम आहे. प्रश्न पत्त्याचा आहे. तो पत्ता भाच्याच्या कॉलेजातला असतो, नाही तर २०१२ साली कुणी तरी संस्थेच्या नावानं काढलेल्या खात्याचा, ज्याचा पासवर्ड तेव्हाच्या सहचिटणिसांकडे होता आणि ते त्यानंतर दुसऱ्या मंडळात गेले. साइट मदतीसाठी हाका मारत असते आणि त्या हाका जिथे पोचतात तिथे कुणी राहत नाही. यावरही वर्डप्रेसनं उपाय काढला. ५.३ पासून दर सहा महिन्यांनी ते विचारतं, तुमचा हा पत्ता अजून बरोबर आहे ना? समोर निळं बटण असतं: बरोबर आहे. सगळे अधिकार असलेला जो कुणी त्या क्षणी लॉगिन करत असतो त्यालाही फोटो चढवायची घाई असते. तो पत्ता न वाचताच बटण दाबतो.

अपडेट चालू असताना साइटवर एक पाटी लागते, तिचा आशय असा: देखभालीसाठी थोडा वेळ बंद, मिनिटभरानं पुन्हा पाहा. हे करायला वर्डप्रेस आपल्या फोल्डरमध्ये मेंटेनन्स नावाची छोटी फाइल ठेवतं आणि काम झालं की काढून टाकतं. मध्येच लाइट गेले, नेट तुटलं, किंवा हे काय चाललंय म्हणून कुणी खिडकीच बंद केली, तर ती पाटी तशीच राहू शकते. दहा मिनिटांनी वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करायला लागतं. मिनिटभर सांगायचं आणि दहा मिनिटं लावायची, हा हिशेब आपल्याला नवा नसल्यामुळे मराठी वाचकांची याबद्दल तक्रार नसते.

हे सगळं ऐकलं की माणूस ठरवतो, अपडेट नकोच. तसं तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणतात, गणपती होऊ द्या. गणपतीच्या दिवसांत साइट बंद पडून कसं चालेल? मग नवरात्र येतं. मग दिवाळी अंकाची जाहिरात साइटवर असते, तिला धक्का नको. मग वार्षिक सभा, मग मार्च एंड. एप्रिलमध्ये करता येईल, पण एप्रिलमध्ये भाचा भारतात यायचा असतो, तेव्हा समोरासमोर बसूनच करू. तो येतो, दोन लग्नं आणि एक मुंज आटोपून जातो. तोवर डॅशबोर्डवर राहिलेले अपडेट मोजणाऱ्या लाल ठिपक्यातला आकडा वाढत वाढत दोन अंकी होतो. नवीन आलेल्या चिटणिसांना वाटतं, एवढी पत्रं उत्तरावाचून पडलीत.

न केल्यानं काय होतं? जानेवारी २०१७ च्या अखेरीस ४.७.२ ही किरकोळ वाटणारी आवृत्ती आली. घोषणेत तीन दुरुस्त्यांचा उल्लेख होता. चौथ्या दुरुस्तीबद्दल मुद्दाम मौन पाळलं होतं, आणि ती भलतीच मोठी होती: पासवर्ड नसताना कुणीही बाहेरून साइटवरचा मजकूर बदलू शकेल, असं भोक बुजवलं होतं. सर्वांनी अपडेट घेईपर्यंत चोरांना पत्ता लागू नये म्हणून ते आठवडाभर गुप्त ठेवलं. मग सांगितलं. ज्यांनी आपोआप होणारे अपडेट चालू ठेवले होते त्यांना काही झाल्याचं कळलंही नाही. ज्यांनी "काही बिघडायला नको" म्हणून ते बंद करून ठेवले होते, त्यांच्या लाखो पानांवर पुढच्या दिवसांत परक्यांनी आपापली नावं कोरली. या आपोआप अपडेटची सोय २०१३ च्या ३.७ पासून आहे. ती बंद करायला त्या काळी एका फाइलमध्ये शिरून ओळ लिहावी लागायची. ज्या माणसाला साधा फोटो कापता येत नाही त्यानं ती ओळ शोधून बरोबर लिहिलेली असते, याचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे.

जाणकार सांगतात, घाबरू नका, आधी बॅकअप घ्या. हा सल्ला रास्त आहे आणि प्रत्येकाला पाठ आहे.

"बॅकअप आहे ना?"

"आहे की. रोज रात्री आपोआप होतो."

"कुठे जातो?"

"इथेच. त्याच सर्व्हरवर."

"कधी उघडून पाहिलाय?"

"बॅकअप कशाला उघडायचा? तो अडीअडचणीला असतो."

जास्त जाणकार सांगतात, स्टेजिंग करा. म्हणजे साइटची हुबेहूब दुसरी प्रत काढून अपडेटची रंगीत तालीम तिथे करायची आणि सगळं सुरळीत दिसलं की खऱ्या साइटवर प्रयोग लावायचा. नाटकवेड्या महाराष्ट्राला हे पटकन पटायला हवं होतं. पण तालमीच्या प्रतीचा पत्ता कुणी तरी व्हॉट्सॲपवर टाकतो, निम्मे सभासद तिकडेच जाऊन देणगी भरायचा फॉर्म भरतात, आणि खऱ्या साइटवर शुकशुकाट होतो.

वर्डप्रेसच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे. ते कुणाला सहसा मागे टाकत नाही. सर्व्हरवर पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची किमान ५.२ ही आवृत्ती हवी, अशी अट त्यांनी २०११ साली घातली आणि २०१९ पर्यंत तीच ठेवली. तोवर पीएचपी सातच्या पुढे गेली होती. होस्टिंगवाला कितीही ढिम्म असला तरी साइट चालत राहिली. ड्रूपल हे वर्डप्रेसच्याच जातीचं दुसरं सॉफ्टवेअर, पण ड्रूपलवाल्यांचं तसं नव्हतं. ड्रूपल सातवरून आठवर जायचं म्हणजे नवी साइट बांधून मजकूर तिकडे हलवायचा, आणि म्हणून लोक सातवरच बसून राहिले. ५ जानेवारी २०११ ला आलेल्या त्या आवृत्तीला २०२१ मध्ये निवृत्त करायचं ठरलं होतं. मुदतवाढ मिळाली. पुन्हा मिळाली. पुन्हा मिळाली. शेवटी ५ जानेवारी २०२५ ला, बरोबर चौदा वर्षांनी, तिला निरोप दिला. आपल्याकडच्या कोणत्याही महामंडळाला हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल.

आता अलीकडच्या सोयी. एप्रिल २०२४ च्या ६.५ मध्ये फॉन्ट लायब्ररी आली. पूर्वी साइटवर मुक्त किंवा बलू यांसारखा सुंदर देवनागरी फॉन्ट लावायचा तर कोडमध्ये हात घालावा लागायचा किंवा प्लगइन शोधावं लागायचं. आता ब्लॉक थीम असेल तर दोन-चार क्लिकांत होतं. हे दोन्ही फॉन्ट मुंबईच्या एक टाइपचे, त्यामुळे या सोयीचा आपल्याला खरा आनंद व्हायला हवा. पण संस्थेकडे मजकूर येतो तो छापखान्यातून, जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला. तो ब्लॉकमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असा शिमगा उसळतो. चिटणीस फॉन्ट लायब्ररीतले सगळे फॉन्ट एकेक करून लावून पाहतात. शिमगा प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळा आणि फार सुबक दिसतो.

एप्रिल २०२५ च्या ६.८ मध्ये पासवर्ड साठवायची पद्धत बदलली. बीक्रिप्ट नावाचं अधिक भक्कम तंत्र आलं. कुणी चोरून नेला तरी मूळ पासवर्ड काढायला त्याची दमछाक होईल. कार्यालयात तोच पासवर्ड पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूनं लिहिलेला असतो. त्याच आवृत्तीत वाचक कुठल्या लिंकवर जाणार याचा अंदाज घेऊन ते पान आधीच मागवायची युक्ती आली. तिची आमच्याकडे गरज नव्हती. लोक साइटवर येतात ते हॉलचं भाडं किती हे बघायला.

डिसेंबर २०२५ च्या ६.९ मध्ये मात्र दोन गोष्टी अशा आल्यात, की त्या खास आपल्यासाठीच केल्यात असं वाटावं. एक म्हणजे नोट्स. आता प्रत्येक ब्लॉकवर सहकारी आपापला शेरा ठेवू शकतात. म्हणजे 'संस्थेविषयी' या पानावरच्या पहिल्याच परिच्छेदावर सात शेरे: "स्थापनेचं साल तपासावं", "साल बरोबर आहे", "कुणाच्या मते?", "कै. अण्णांचं नाव राहिलं", "अण्णा तेव्हा सभासद नव्हते", "यावर सभेत बोलू", आणि सर्वात खाली, "सुंदर!" दुसरी सोय म्हणजे ब्लॉक लपवायची. ब्लॉक पुसायचा नाही, फक्त वाचकांना दिसेनासा करायचा. माजी अध्यक्षांचा फोटो काढला असा आरोप आता कुणी करू शकत नाही. फोटो आहे. संपादनात जाऊन ब्लॉकांच्या यादीत कुणीही पाहावा. निवडणुकीचा निकाल फिरला की एका क्लिकवर परत.

इतकं सगळं करून एखादं अपग्रेड खरोखर बिनबोभाट पार पडतं. डेव्हलपर रात्री जागतो, बॅकअप बाहेर नेऊन ठेवतो, तालीम करतो, एकेक प्लगइन तपासतो. सकाळी साइट जशी होती तशी, फक्त आतून ठणठणीत. आणि मग बिल जातं.

खजिनदार साइट उघडतात. वरपासून खालपर्यंत सरकवतात. मोबाइलवरही पाहतात.

"यात नवीन काय केलं?"

"आवृत्ती बदलली. पीएचपी वर नेलं. सुरक्षेची तीन भोकं बुजवली."

"पण दिसत काहीच नाही."

"दिसायला नकोच होतं."

"मग पैसे कसले?"

म्हणून मुरलेले डेव्हलपर अपग्रेडच्या रात्री जाता जाता हेडरचा रंग बदलतात. निळा असेल तर थोडा गडद निळा. त्याला अर्धं मिनिट लागतं आणि बिल त्याच दिवशी मंजूर होतं. पुढे आठवडाभर सभासदांचे फोन येत राहतात. निम्मे म्हणतात, साइट आता भराभर उघडते. उरलेले म्हणतात, पहिला रंगच बरा होता.